'१' लिहून थांबू नका: पसंतीक्रमाचे मत कसे द्यायचे आणि ते कसे मोजतात

विधानसभेला किंवा लोकसभेला आपण यंत्रावरचे एक बटण दाबतो आणि बाहेर पडतो. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती मते एकूण मतांच्या पस्तीस टक्के असली तरी चालतात. उरलेल्या पासष्ट टक्क्यांना तो माणूस नकोच होता का, हे यंत्राने कुणाला विचारलेले नसते. पसंतीक्रमाची पद्धत नेमके तेच विचारते: तुमचा पहिला उमेदवार येत नसेल, तर उरलेल्यांपैकी कोण चालेल?

अनेकांना ही पद्धत परदेशातली वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या लाखो पदवीधरांना आणि शिक्षकांना ती दर सहा वर्षांनी वापरायला मिळते. बहुतेक जण ती अर्धीच वापरतात. या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी, आणि आधी दिले असूनही मोजणी कशी होते हे कोडे न सुटलेल्यांसाठी, हा लेख आहे.

ही निवडणूक कुणाची?

महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांतल्या ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात. उरलेल्या १४ पैकी ७ पदवीधरांच्या व ७ शिक्षकांच्या. मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर असे हे मतदारसंघ. संविधानाच्या १७१व्या कलमानुसार या जागांची निवडणूक एकल संक्रमणीय मताने होते. म्हणजे मत एकच, पण ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

राज्यसभा आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूकही याच पद्धतीने होते. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात आपण चार बटणे दाबतो, त्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. तिथे चार जागांच्या चार वेगळ्या निवडणुका एकाच वेळी उरकतात, पसंतीचा क्रम लावायला कुठेच वाव नसतो.

पहिली पायरी: यादीत नाव

इथेच सर्वांत जास्त लोक गळतात. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरांच्या यादीत आपोआप येत नाही. ही यादी वेगळी असते आणि प्रत्येक निवडणुकीसाठी ती कोऱ्या कागदापासून नव्याने तयार होते. मागच्या खेपेला मत दिले असले तरी पुन्हा अर्ज भरावा लागतो. मतदान केंद्रावर जाऊन 'माझे नाव कुठे गेले?' म्हणून वाद घालणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

पदवीधरांसाठी नमुना १८ आणि शिक्षकांसाठी नमुना १९. पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर. त्या तारखेच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली हवीत आणि तुम्ही त्या मतदारसंघाचे सर्वसाधारण रहिवासी हवेत. पदवी कुठल्या विद्यापीठाची हा प्रश्न नाही, राहता कुठे हा आहे. नागपूरला शिकून पुण्यात स्थायिक झालेल्या माणसाने पुण्यात अर्ज करायचा. शिक्षकांच्या बाबतीत मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षे माध्यमिक शाळेत किंवा त्याच्या वरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षक यात येत नाहीत. मला ही अट अन्यायाची वाटते, पण आज नियम तोच आहे.

अर्जाला पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि रहिवासाचा पुरावा जोडायचा. एखादा कार्यकर्ता 'द्या इकडे, मी भरतो सगळ्यांचे' म्हणाला तर अर्ज त्याच्या हाती देऊन निर्धास्त होऊ नका. गठ्ठ्याने आणलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत असा दंडक आहे. स्वतः भरा, पोच घ्या, आणि प्रारूप यादी लागली की नाव तपासा. तेव्हा चूक सापडली तर हरकत घ्यायला वेळ असतो.

दुसरी पायरी: मतपत्रिका हातात आल्यावर

इथे यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते. तिच्यावर कमळ, पंजा, मशाल, घड्याळ काहीच दिसणार नाही. चिन्हे नसतात, नावे वाचावी लागतात. ज्याला मत द्यायचे त्याचे पूर्ण नाव आधीच लक्षात ठेवा. सारख्या आडनावाचे उमेदवार असले की घाईत घोटाळा होतो.

मतपत्रिकेबरोबर जांभळ्या रंगाचा स्केच पेन मिळतो. फक्त तोच वापरायचा. खिशातला बॉलपेन खिशातच राहू द्या.

मग नावासमोरच्या रकान्यात आकडा लिहायचा. पहिल्या पसंतीच्या उमेदवारासमोर १, त्यानंतर जो चालेल त्याच्यासमोर २, मग ३, असे जितके वाटतील तितके. देवनागरी आकडे चालतात, इंग्रजी वळणाचे चालतात, रोमन चालतात, आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेचे चालतात. पण अक्षरात 'एक' लिहिलेले चालत नाही. बरोबरची खूण, फुली, गोल, सही, अंगठा, 'विजयी भव', यांतले काहीही चालत नाही. मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण केली की मतपत्रिका बाद.

आकडा लिहिताना या चुका झाल्या तरी सगळे मत बाद होते:

- कुठेच १ नाही. २ आणि ३ लिहिले, पण १ विसरला.
- १ दोन उमेदवारांसमोर आहे.
- एकाच उमेदवारासमोर १ आणि आणखी एखादा आकडा आहे.
- १ दोन रकान्यांच्या रेघेवर पडला, कुणासाठी ते कळत नाही.

पदवीधरांच्या निवडणुकीत दर वेळी हजारो मते अशी बाद होतात. शिकलेल्यांची मते बाद कशी होतात म्हणून नंतर हसणारे पुष्कळ असतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आयुष्यभर शिक्का मारायला नाहीतर बटण दाबायला शिकवलेल्या माणसाला सहा वर्षांतून एकदा वेगळ्या रीतीने मत द्यायला लावायचे आणि आधी त्याला नमुना मतपत्रिकासुद्धा दाखवायची नाही, तर दुसरे काय होणार?

पुढच्या पसंतीतली चूक मात्र एवढी महाग पडत नाही. १ नीट लिहिला आणि २ चुकून दोघांसमोर पडला, तर पहिल्या पसंतीचे मत वैध राहते. ते फक्त तिथून पुढे सरकत नाही. तेव्हा २ लिहिताना हात थरथरू देऊ नका, फार तर तेवढाच भाग वाया जाईल.

सर्वांत मोठा गैरसमज

'२ लिहिला तर माझ्या १ ची ताकद कमी होते.' प्रचारात हे कानावर येते आणि काही उमेदवारांची माणसे स्वतःच ते पसरवतात: फक्त साहेबांना १ द्या, बाकी काही लिहू नका.

हे खरे नाही. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या २ कडे कुणी पाहतसुद्धा नाही. तो बाद झाला तरच मतपत्रिका पुन्हा हातात घेतात आणि २ कुठे आहे ते बघतात. म्हणजे २ लिहून १ चे नुकसान होऊच शकत नाही. न लिहिल्याने नुकसान होते ते तुमचे. तुमचा उमेदवार बाद झाला की तुमची मतपत्रिका बाजूला ठेवली जाते आणि शेवटचा निकाल तुमच्याविना लागतो.

दोनच तगडे उमेदवार असतील आणि तुमचा १ त्यांतल्या एकाला असेल, तर २ ला काम पडणार नाही हेही खरे. पण कोण तगडे ठरेल हे मतदानाच्या दिवशी कुणाला ठाऊक असते?

मोजणी: एक जागा

आकडे घेऊन पाहू. वैध मते १०,०००, उमेदवार चार. एका जागेसाठी कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, वैध मतांच्या निम्मी अधिक एक, इथे ५,००१. पहिल्या पसंतीची मोजणी अशी झाली:

अ ३,८००, ब ३,१००, क २,०००, ड १,१००.

विधानसभा असती तर इथेच गुलाल उधळला असता आणि अ आमदार झाला असता. इथे कोटा कुणीच गाठलेला नाही, म्हणून सर्वांत मागे असलेला ड बाद. त्याच्या १,१०० मतपत्रिका उघडून पुढची पसंती पाहिली. क ला ६००, ब ला २००, अ ला १००, आणि २०० जणांनी पुढे काहीच लिहिलेले नाही.

आता अ ३,९००, ब ३,३००, क २,६००. अजून कोटा नाही, क बाद. त्याच्या २,६०० पैकी १,४०० ब कडे गेल्या, ५०० अ कडे, आणि ७०० कोऱ्या निघाल्या.

अखेर अ ४,४०० आणि ब ४,७००. कोटा अजूनही दूर आहे, कारण तो सुरुवातीला एकदा ठरतो आणि कोऱ्या निघालेल्या मतपत्रिकांमुळे खाली येत नाही. नियमानुसार मागे असलेला अ बाद होतो, एकटा ब उरतो आणि तो निवडून आला असे जाहीर होते. वर्तमानपत्रात 'कोटा पूर्ण न करताच विजयी' असे वाचून घोळ झाल्यासारखे वाटू शकते, पण त्यात नियमाबाहेरचे काही नाही.

फरक आहे ३०० मतांचा. ९०० जण १ नाहीतर २ लिहून थांबले होते. निकाल त्यांच्या हातात होता.

ही मोजणी वेळ खाते. अमरावती पदवीधरची २ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. कुणालाच पहिल्या पसंतीत कोटा न मिळाल्याने तळाचा एकेक उमेदवार बाद करत जावे लागले, आणि शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी माजी राज्यमंत्री रणजित पाटील यांचा पराभव केला. उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्यांनी डबा, पाणी आणि झोपेची सोय करूनच जावे.

मोजणी: जागा अनेक

राज्यसभेला एकाच वेळी अनेक जागा असतात आणि मग गणित पालटते. १० जून २०२२ ची महाराष्ट्रातली निवडणूक यासाठी उत्तम उदाहरण आहे. जागा सहा, उमेदवार सात. २८५ आमदारांनी मत दिले, एक बाद झाले, वैध राहिली २८४.

अशा वेळी प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. एकूण २८,४००. त्याला जागा अधिक एक, म्हणजे ७ ने भागायचे. उत्तर ४,०५७, बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा. कोटा ४,०५८. सोप्या भाषेत ४०.५८ मते.

पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते, म्हणजे ४,८०० मूल्य. गरजेपेक्षा ७४२ जास्त. हे अतिरिक्त मूल्य वाया जात नाही, ते त्या ४८ मतपत्रिकांवर सारखे वाटतात. प्रत्येकीच्या वाट्याला १५ येतात, अपूर्णांक सोडतात, आणि ते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला मिळतात. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. दोघांचे मिळून १,४४०.

सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. म्हणजे पवार सहा मतांनी पुढे. पण महाडिकांचे २,७०० आणि भाजपच्या दोन उमेदवारांकडून येऊ शकणारे १,४४० यांची बेरीज ४,१४० होते, कोट्याच्या वर. निवडून आले महाडिक. त्या रात्री 'सत्तावीसवाला जिंकतो कसा?' हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. उत्तर या वजाबाकीत आणि गुणाकारात आहे. भाजपने आपली जास्तीची मते पहिल्या दोघांमागे ठेवली आणि दुसरी पसंती शिस्तीने एकाच नावाला दिली.

एक फरक ध्यानात ठेवा. राज्यसभेत आमदाराला आपले मत पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावे लागते. पदवीधर आणि शिक्षकांचे मत पूर्ण गुप्त असते. कुणीही 'दाखवा बरं' म्हणाले तर दाखवायचे नाही.

दुसऱ्या पसंतीने देशाचे राजकारण वळल्याचे उदाहरण १९६९चे. राष्ट्रपतिपदासाठी व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले सी. डी. देशमुख उभे होते. कोटा ४,१८,१६९ मूल्याचा. गिरींना पहिल्या पसंतीत ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली आणि अंतर झपाट्याने मिटत आले, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून निवडून आले. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

परदेशात मत देणाऱ्या मराठी माणसांसाठी

ऑस्ट्रेलियाचे नागरिक झाला असाल तर आपल्याकडची सवय विसरा. तिथे प्रतिनिधिगृहासाठी १९१८ पासून पसंतीक्रम आहे आणि सगळ्या चौकटींत आकडे लिहावेच लागतात. १ लिहून थांबलात तर मत बाद. न्यूयॉर्क शहरात २०२१ पासून महापौरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत पाचपर्यंत पसंती देता येते, कमी दिल्या तरी चालतात. आयर्लंडमध्ये संसदेचे कनिष्ठ सभागृह अनेक जागांच्या मतदारसंघांतून याच पद्धतीने निवडतात. ती काढून टाकायचा प्रस्ताव १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमताला आला, दोन्ही वेळा लोकांनी फेटाळला.

मग विधानसभेला का नाही?

संविधान सभेतच हा प्रश्न आला होता. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मांडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशात साक्षरता कमी आहे, आणि अशा पद्धतीने विधिमंडळाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल, हे त्यांचे मुद्दे होते. त्या काळात दोन्ही रास्त होते.

पण ती संविधान सभा स्वतः कशी निवडली गेली होती हेही पाहावे. १९४६ मध्ये प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी तिचे सभासद एकल संक्रमणीय मतानेच निवडले. मुंबई प्रांतातून वाट नव्हती तेव्हा बाबासाहेब बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि मोजक्या आमदारांच्या पाठिंब्यावर निवडून गेले. बहुमत विरोधात असतानाही मूठभरांच्या पहिल्या पसंतीने माणूस निवडून येऊ शकतो, हे त्या पद्धतीचे बळ होते.

आज साक्षरतेचा आक्षेप उरलेला नाही असे माझे ठाम मत आहे. एका जागेच्या मतदारसंघात पसंतीक्रम आणायला संविधान आड येत नाही. 'सर्वाधिक मते तो विजयी' हा नियम निवडणुकीच्या कायद्यात आणि नियमावलीत आहे, तो संसद बदलू शकते. खरी अडचण यंत्राची आहे. आजच्या मतदान यंत्राला क्रम लावता येत नाही.

ही पद्धत निर्दोष आहे असे कुणी सांगितले तर मानू नका. सगळ्यांना बऱ्यापैकी चालणारा, पण पहिल्या पसंतीची मते कमी असलेला उमेदवार लवकर बाद होऊ शकतो. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच यांचे तेच झाले. समोरासमोर ते बाकी दोघांनाही भारी पडले असते, पण तिसरे असल्याने आधी गळले आणि मेरी पेल्टोला जिंकल्या. ब्रिटनमध्ये २०११च्या सार्वमतात लोकांनी ही पद्धत मोठ्या फरकाने नाकारली होती.

माझ्या मते महाराष्ट्रात सुरुवात करायची तर महापालिकेच्या चारसदस्यीय प्रभागातून. तिथे चार जागा आयत्याच एकत्र आहेत. आज चाळीस टक्के मतांचे पॅनेल चारही जागा घेऊन जाऊ शकते. पसंतीक्रम असेल तर कोटा पाचव्या हिश्श्याच्या जरा वर येईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या गटालाही आपला एक नगरसेवक मिळेल. प्रभागातल्या राखीव जागा मोजणीत कशा सांभाळायच्या हा अवघड प्रश्न उरतो. महिला व मागासवर्गीयांच्या जागा आधी भरून मग उरलेल्या मोजाव्या लागतील, आणि त्याचे नियम बारकाईने लिहावे लागतील.

आपल्या मंडळात करून पाहा

वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, माजी विद्यार्थ्यांचा गट, अशा जिथे कायद्याने ठरलेली निवडणूक पद्धत नाही तिथे हे एका संध्याकाळी करता येते. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीला मात्र स्वतःचे नियम आहेत, तिथे हा प्रयोग नको. सहल कुठे न्यायची इथपासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त पर्याय तीनपेक्षा जास्त हवेत.

सारख्या आकाराचे कागद, सगळ्यांवर पर्याय त्याच क्रमाने लिहिलेले. मतदानाआधी फळ्यावर एक नमुना भरून दाखवा आणि बाद होणारे दोन नमुनेही दाखवा. मग १ नुसार गठ्ठे लावा, बाद कागद बाजूला काढा, उरलेल्यांवरून कोटा काढून फळ्यावर लिहा. सर्वांत लहान गठ्ठा उचलून त्यातला एकेक कागद मोठ्याने वाचत पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यावर ठेवा, पुढे काही लिहिलेले नसेल तो वेगळ्या गठ्ठ्यात. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या गठ्ठ्यांची बेरीज, कोऱ्या निघालेल्यांसह, पहिल्या बेरजेशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर पुढची फेरी सुरू करू नका, तीच पुन्हा मोजा. तळाला दोघे सारख्याच मतांवर आले तर पहिल्या पसंतीत ज्याची मते कमी होती तो बाद, आणि तीही सारखी असतील तर चिठ्ठी टाका. हा नियम मतदानाच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा, कारण चिठ्ठी काढायची वेळ आल्यावर सांगितलेला नियम हरणाऱ्याला पटत नाही.